खाडाखोड केलेला रकाना : भोसरीतील एका गुणवत्ता प्रमुखाच्या क्रिप्टो व्यवहारांचे प्रकरण

ऑक्टोबर २०२५ मध्ये भाऊबीज उरकल्यानंतरच्या सोमवारी चिंचवडचे एक जोडपे टिळक रस्त्याजवळच्या माझ्या कार्यालयात आले. गृहस्थांचे प्राप्तिकर विवरणपत्र मी गेली नऊ वर्षे भरते. वय ४१, भोसरी एमआयडीसीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते गुणवत्ता विभागाचे प्रमुख आहेत आणि त्यांच्या पत्नी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहेत. विवरणपत्राचा हंगाम संपलेला असताना दोघे मिळून येतात तेव्हा घरात काहीतरी घडलेले असते, हे इतक्या वर्षांत मला कळू लागले आहे. त्यांनी टेबलावर तीन गोष्टी ठेवल्या: क्रिप्टो व्यवहारमंचाचे छापील खातेउतारे, संयुक्त बँक खात्याचे पासबुक आणि कंपनीची निळ्या पुठ्ठ्याची एक डायरी. पुढील नोंद दोघांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे.

सुरुवात नोव्हेंबर २०२४ ची. अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीनंतर बिटकॉइन चढत गेला, ५ डिसेंबरला त्याने प्रथमच १ लाख डॉलरचा टप्पा ओलांडला आणि कंपनीच्या बसमध्ये रोज सकाळी त्याच गप्पा होऊ लागल्या. गृहस्थ मात्र लगेच उडी मारणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी चार महिने वाचन केले, कागदावर खोटे व्यवहार करून पाहिले आणि एप्रिल २०२५ मध्ये ४ लाख रुपये स्वतंत्र काढून प्रत्यक्ष सुरुवात केली. डायरीच्या पहिल्या पानावर त्यांनी पाच नियम लिहिले होते. एका व्यवहारात भांडवलाच्या दीड टक्क्यापेक्षा, म्हणजे ६,००० रुपयांपेक्षा अधिक तोटा सोसायचा नाही. खरेदी करतानाच स्टॉप-लॉस, म्हणजे भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की आपोआप विकण्याची सूचना, लावायचा. पडत्या भावात सरासरी करायची नाही, म्हणजे भाव पडला म्हणून तेच नाणे आणखी घ्यायचे नाही. लागोपाठ तीन तोटे झाले तर आठवडाभर थांबायचे. रात्री दहानंतर व्यवहार करायचा नाही. अक्षर इतके रेखीव की पान एखाद्या तपासणी-पत्रकासारखे दिसत होते.

हे नियम चांगले होते, असे माझे स्पष्ट मत आहे. दीड टक्क्याची मर्यादा पाळणाऱ्या माणसाला लागोपाठ दहा तोटे झाले तरी भांडवल सुमारे १४ टक्क्यांनीच घटते; तोच माणूस प्रत्येक वेळी १० टक्के पणाला लावत असेल तर त्याच दहा तोट्यांनंतर त्याच्याकडे जेमतेम ३५ टक्के उरतात. व्यवहाराचा आकारही यातूनच ठरतो. सोसायचा तोटा ६,००० रुपये आणि स्टॉप-लॉस खरेदीच्या भावापासून ६ टक्के खाली असेल, तर १ लाखाची खरेदी करता येते. तो ३ टक्के खाली असेल तर २ लाखांची. किती घ्यायचे हे आधी ठरवून मग स्टॉप-लॉस कुठेतरी बसवायचा, असे बहुतेक लोक करतात. गृहस्थ मात्र योग्य क्रमाने जात होते आणि पहिले सहा महिने त्यांनी तो क्रम काटेकोरपणे पाळला.

त्या सहा महिन्यांचा हिशेब इथे सविस्तर मांडते, कारण पुढच्या घसरणीचे मूळ त्यात आहे. एप्रिल ते सप्टेंबर या काळात त्यांनी ६४ व्यवहार पूर्ण केले. ३५ व्यवहारांत सरासरी ७,१०० रुपये नफा आणि २९ व्यवहारांत सरासरी ५,६०० रुपये तोटा झाला. एकूण नफा २,४८,५०० आणि एकूण तोटा १,६२,४००, म्हणजे निव्वळ ८६,१०० रुपये हाती आले. शिकाऊ माणसासाठी ही कामगिरी उत्तमच म्हणावी लागेल. तरीही सप्टेंबरअखेर खात्यातील शिल्लक ४ लाख १ हजाराच्या आसपासच होती. दलाली आणि त्यावरील वस्तू व सेवा कर यांत २१ हजार रुपये गेले होते, तर प्रत्येक विक्रीच्या रकमेतून १ टक्का उद्गम कर (टीडीएस, म्हणजे कराचा आगाऊ कापलेला भाग) कापला जात असल्याने ६४ विक्रींवर मिळून सुमारे ६४ हजार रुपये खात्याबाहेर गेले होते. हा १ टक्का १ जुलै २०२२ पासून लागू आहे आणि तो नफ्यावर मोजला जात नाही, विक्रीच्या पूर्ण रकमेवर मोजला जातो, त्यामुळे तोट्यात विकले तरी तो कापला जातोच.

गृहस्थांची समजूत अशी होती की निव्वळ नफा ८६ हजार असल्याने कर २६-२७ हजारांच्या आसपास बसेल आणि कापलेल्या ६४ हजारांतून ३७ हजार परत मिळतील. डायरीत त्यांनी ‘रिफंड येणे’ अशी नोंदही केली होती. ही समजूत चुकीची होती आणि ती मी वेळेवर दुरुस्त करायला हवी होती. जुलैमध्ये ते मागील वर्षाच्या विवरणपत्रासाठी आले तेव्हा त्यांनी क्रिप्टोचा ओझरता उल्लेख केला होता आणि मी ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून विषय संपवला होता. आभासी डिजिटल मालमत्तेच्या, म्हणजे क्रिप्टोच्या, नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, त्यावर ४ टक्के उपकर आहे आणि मुख्य म्हणजे एका नाण्यातील तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढील वर्षात नेताही येत नाही. खरेदीची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा मिळत नाही. म्हणून त्यांना कर भरायचा होता तो पूर्ण २,४८,५०० रुपयांवर: ७४,५५० अधिक उपकर २,९८२, एकूण ७७,५३२ रुपये. रिफंड तर दूरच, उलट साडेतेरा हजार रुपये भरावे लागणार होते. सहा महिने शिस्तीने, रोज संध्याकाळी दीड-दोन तास देऊन केलेल्या कामाचे फळ कर आणि दलाली वजा जाता उणे साडेबारा हजार रुपये होते.

जोखीम-व्यवस्थापनाच्या चर्चेत हा भाग बहुधा वगळला जातो आणि मला त्याची मनापासून खंत वाटते. तोटा वजा न होणाऱ्या करव्यवस्थेत छोटे तोटे पटकन घेऊन वारंवार व्यवहार करण्याची पद्धत, जी शेअर बाजारात शहाणपणाची ठरते, तीच इथे माणसाला आतून पोखरते. अशा वेळी व्यवहारांची संख्या कमी करणे हा उपाय आहे. गृहस्थांना मात्र हे गणित माहीत नव्हते. त्यांना एवढेच दिसत होते की नियम पाळूनही शिल्लक हलत नाही, आणि त्यांनी निष्कर्ष काढला की वेग कमी पडतो आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते फ्यूचर्सकडे, म्हणजे नाणे प्रत्यक्ष न घेता त्याच्या भावावर केलेल्या करारांकडे, वळले. त्यांच्या व्यवहारमंचावर फ्यूचर्समध्ये तो १ टक्का कापला जात नव्हता आणि थोड्या मार्जिनवर (तारण ठेवलेल्या रकमेवर) मोठा व्यवहार करता येत होता. ४ लाखांपैकी १ लाख ६० हजार रुपये त्यांनी मंचावरच्या फ्यूचर्सच्या वॉलेटमध्ये (वेगळ्या खात्यात) हलवले. मार्जिनचा प्रकार निवडताना त्यांनी ‘क्रॉस’ हा मंचाने आधीच निवडून ठेवलेला पर्याय तसाच राहू दिला. ‘आयसोलेटेड’ प्रकारात एका व्यवहाराला नेमून दिलेली रक्कमच धोक्यात असते. ‘क्रॉस’मध्ये वॉलेटमधील सगळी रक्कम त्या व्यवहाराच्या पाठीशी उभी राहते आणि त्याच्याबरोबरच बुडते. एका टिचकीचा हा फरक पुढे निर्णायक ठरला.

६ ऑक्टोबरला बिटकॉइन १ लाख २६ हजार डॉलरच्या विक्रमी पातळीला पोहोचला. त्या संध्याकाळी त्यांनी मध्यम आकाराच्या एका नाण्यात खरेदी केली. सोयीसाठी तो भाव १०० मानू. व्यवहार २ लाखांचा, स्टॉप-लॉस ९७ वर, संभाव्य तोटा ६,००० रुपये. नियमात चोख बसणारा हा व्यवहार होता.

डायरीचे ते पान मी बराच वेळ पाहत होते. स्टॉप-लॉसच्या रकान्यात प्रथम निळ्या शाईत ९७ लिहिले आहे. त्यावर आडवी रेघ मारून शेजारी ९४ लिहिले आहे. ही ७ ऑक्टोबरची दुपार, भाव साडेसत्त्याण्णववर आला होता. मग ९४ वर दोनदा रेघ मारली आहे, इतकी दाबून की पानाच्या मागे वळ उठला आहे, आणि त्यापुढे फक्त एक आडवी खूण आहे. त्या खुणेचा अर्थ स्टॉप-लॉस रद्द. खालच्या ओळीत ९४ च्या भावाने आणखी २ लाखांची खरेदी आणि ९ ऑक्टोबरला ९१ च्या भावाने ४ लाखांची. २ लाखांचा व्यवहार ८ लाखांचा झाला, सरासरी भाव ९३.८६ आला आणि वॉलेटमधील १ लाख ६० हजारांच्या तुलनेत व्यवहार पाचपट झाला. भाव ७६ च्या आसपास आला की वॉलेटमधील रक्कम तोट्यात संपत आल्याने मंच स्वतःहून सगळा व्यवहार विकून टाकणार होता. त्या आकड्याची नोंद डायरीत कुठेही नाही.

गृहस्थांनी स्वतःच त्या रकान्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, “मॅडम, आमच्याकडे असा रिपोर्ट आला असता तर मी तो न वाचता परत पाठवला असता.”

या वाक्यापाशी मी थांबले आणि त्यांना कारखान्यातील पद्धत विचारली. त्यांनी सांगितलेले थोडक्यात असे. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल त्याची मर्यादा, दिलेला असतो. जॉब (बनवलेला भाग) त्याच्या बाहेर गेला, अगदी १० मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने गेला, तरी तो लाल रंगाच्या बिनमध्ये पडतो. मशीनवरचा कामगार टॉलरन्स बदलू शकत नाही, पाळीचा सुपरवायझर बदलू शकत नाही आणि स्वतः गुणवत्ता प्रमुखही बदलू शकत नाही. माल तातडीने पाठवायचा असेल तर ग्राहकाची लेखी सवलत मागवावी लागते. ती येईपर्यंत माल हलत नाही, कितीही आरडाओरडा झाला तरी. “आणि इथे?” असे मी विचारले. इथे ड्रॉइंग त्यांचे, मशीन त्यांचे, तपासणी त्यांची आणि सवलत देणारेही तेच होते. ज्या क्षणी नियमाची गरज सर्वाधिक होती, त्याच क्षणी नियम बदलण्याचा अधिकार त्याच माणसाच्या बोटाखाली होता. शिस्त कमी पडली, असे त्यांच्या पत्नी वारंवार म्हणत होत्या. मला ते पूर्ण पटत नाही. अठरा वर्षे मायक्रॉनमध्ये काम करणाऱ्या माणसाकडे शिस्त नाही असे कसे म्हणावे? कारखान्यात त्या शिस्तीला बाहेरून आधार होता आणि इथे ती एकटी होती.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार रात्री साडेआठच्या सुमारास अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी चीनवर मोठे आयातशुल्क लावण्याचा इशारा दिला आणि बाजार घसरू लागला. अकरा वाजता नाण्याचा भाव ८८ होता आणि तोटा सुमारे ५० हजार रुपये. गृहस्थ जागे होते, फोन हातात होता. त्यांनी विकले नाही. कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की रात्री दहानंतर व्यवहार करायचा नाही, असा नियम होता. मी हे ऐकून चकित झाले, पण ते खोटे बोलत नव्हते. नवा व्यवहार घेऊ नये यासाठी केलेला नियम त्यांनी जुन्या व्यवहारातून बाहेर न पडण्यासाठी वापरला. तीन नियम मोडलेल्या माणसाने पाचवा मात्र अक्षरशः पाळला, कारण तेवढाच त्या घटकेला मनासारखा होता.

पहाटे अडीचच्या आसपास चीनवर १०० टक्के अतिरिक्त आयातशुल्काची घोषणा झाली आणि पुढील तासाभरात क्रिप्टो बाजारात जे घडले ते यापूर्वी घडले नव्हते. २४ तासांत जगभरात १९ अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे उसन्या जोरावरचे व्यवहार सक्तीने बंद केले गेले. अनेक छोट्या-मध्यम नाण्यांचे भाव काही मिनिटांत निम्म्याहून खाली जाऊन परत वर आले. आपल्या शेअर बाजारात निर्देशांक १० टक्के हलला की व्यवहार थांबवले जातात, दुपारी साडेतीनला बाजार बंद होतो आणि माणसाला विचार करायला रात्र मिळते. क्रिप्टोत असा थांबा नाही. पुणे झोपलेले असताना, भोसरीत तिसरी पाळी चालू असताना, चिंचवडमधील त्या वॉलेटची शिल्लक शून्यावर आली. ६,००० रुपयांचा ठरवलेला तोटा १ लाख ६० हजारांचा, म्हणजे सव्वीसपटीहून अधिक झाला.

सकाळी उठून त्यांनी पाहिले तेव्हा भाव ८१ वर परतला होता. आपल्याला फसवले गेले, मंचाने मुद्दाम व्यवहार तोडला, ही भावना त्यांच्या मनात इतकी घट्ट बसली होती की माझ्यासमोरही त्यांचा आवाज चढला. मी त्यांना साधा गुणाकार करून दाखवला. व्यवहार तुटला नसता तरी ८१ च्या भावाला तोटा १ लाख १० हजारांच्या घरात होता. मूळ ९७ चा स्टॉप-लॉस राहिला असता तर ते ७ ऑक्टोबरलाच ६ हजारांच्या आसपास तोटा घेऊन बाहेर पडले असते आणि शुक्रवारची रात्र त्यांच्यासाठी फक्त बातमी ठरली असती. इथे एक सावधगिरीही नोंदवायला हवी. त्या पहाटे ८५ वर स्टॉप-लॉस असता तर तो ८५ लाच लागला असता असे नाही. खरेदीदारच नाहीसे झाले की ऑर्डर मिळेल त्या भावाला, कधी खूप खाली, पुरी होते, आणि मर्यादा घालून दिलेली स्टॉप-लिमिट ऑर्डर असेल तर पुरी होतच नाही. अशा तासाला खरा बचाव फक्त व्यवहाराच्या आकाराचा असतो. २ लाखांचा व्यवहार १ लाख ६० हजारांच्या आधारावर बराच खोल धक्का सोसतो. ८ लाखांचा सोसत नाही.

पुढचे तीन दिवस मी लवकर उरकते, कारण ते सगळीकडे सारखेच असतात. १२ ते १४ ऑक्टोबर या काळात त्यांनी ११ व्यवहार केले, एकाचीही डायरीत नोंद नाही, वेळा पहाटे दोनपर्यंतच्या, आणि तोटा ७२ हजार. १३ तारखेला त्यांनी संयुक्त खात्यातून मुलीच्या अकरावीच्या क्लासच्या फीसाठी ठेवलेले १ लाख रुपये मंचाकडे वळवले. बँकेचा संदेश पत्नीच्या फोनवर गेला. त्या स्टाफरूममधून उठून बाहेर आल्या, त्यांनी नवऱ्याला फोन केला आणि फक्त विचारले, “हे लाख रुपये कुठे गेले?” ते पैसे व्यवहारात लागण्याआधीच परत आले, हे या प्रकरणातील भाग्य. वसुबारस तोंडावर होती आणि ती दिवाळी त्या घरात कशी गेली असेल याची कल्पना मला दोघांच्या चेहऱ्यावरून आली.

खात्यात १ लाख ६८ हजार उरले होते. ५८ टक्के भांडवल गेले होते आणि मूळ जागी यायचे तर उरलेल्या रकमेवर १३८ टक्के कमवावे लागले असते. ‘भरून काढू’ हा शब्द त्या दिवशी मी त्यांना वापरू दिला नाही. माझा सल्ला सरळ होता: पूर्ण थांबा. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार शेअर बाजारातील फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला, आणि तो बाजार नियंत्रित आहे, तिथे तक्रार करायला दार आहे. क्रिप्टो सेबीच्या अखत्यारीत नाही, तिथे गुंतवणूकदार संरक्षण निधी नाही. गृहस्थ पूर्ण थांबायला तयार नव्हते आणि त्यांच्या पत्नीने, मला आश्चर्य वाटले, त्यांची बाजू घेतली. “पूर्ण बंद केले तर हे चोरून करतील,” त्या म्हणाल्या. “मला दिसेल असे राहू द्या.”

तेव्हा आम्ही तिघांनी मिळून कारखान्याचीच पद्धत घरी आणली. साडेतेरा हजार करासाठी बाजूला काढले, ६० हजार व्यवहारासाठी ठेवले आणि उरलेल्यांची पत्नीच्या नावे मुदत ठेव केली. फ्यूचर्सची सोय बंद केली. ॲप फोनमधून काढले. व्यवहार फक्त घरच्या संगणकावर, दिवाणखान्यात. महिन्याला चारपेक्षा अधिक व्यवहार नाहीत, कारण कराचे गणित त्यापेक्षा अधिक पेलत नाही. स्टॉप-लॉस खरेदीबरोबरच मंचावर लावायचा आणि तो फक्त वर सरकवता येईल. खाली सरकवायचा असेल तर डायरीत कारण लिहून पत्नीची सही घ्यायची. बँकेतून एक रुपयाही पुढे पाठवायचा तर दोघांची संमती. ‘बाहेर पडण्यास वेळेचे बंधन नाही’ हे वाक्य पाचव्या नियमाखाली त्यांनी स्वतः जोडले.

२१ नोव्हेंबरला बिटकॉइन ८१ हजार डॉलरच्या खाली गेला. त्या संध्याकाळी गृहस्थांनी ५० हजार रुपये आणखी घालण्याचा प्रस्ताव लेखी मांडला, दीड पानाचा, आकडेवारीसह. पत्नीने तो वाचला आणि सही केली नाही. दोन दिवस घरात अबोला होता, असे त्यांनी नंतर मला सांगितले.

डिसेंबरमध्ये आगाऊ कराच्या हप्त्यासाठी ते आले तेव्हा डायरी बरोबर होती. मी न मागता त्यांनी ती उघडली. नोव्हेंबरच्या पानावर तीन व्यवहार होते. शेवटच्या ओळीत खरेदी १८,००० रुपये, स्टॉप-लॉसचा रकाना एकाच शाईत, एकाच आकड्यात, आणि पुढे ‘बाहेर. तोटा ₹९३०’. ठरलेल्या तोट्यापेक्षा ३० रुपये अधिक गेले, ते विक्रीच्या भावातील फरकाचे, असे त्यांनी समासात लिहून ठेवले होते.